जागल्याची हाक आणि दूरचित्रवाणी

खेडेगांवांत रात्रीं गस्त घालून लोकांस सावध करणाऱ्या गांवकामगारास ‘जागल्या’ म्हणत. अलीकडे मराठी वृत्तपत्रांनीं हा जुना शब्द एका नव्या मनुष्यास दिला आहे. ज्या संस्थेंत आपण चाकरी करितों तिचें लोकांस घातक असें गुपित जो उघड करितो, तो हा नवा जागल्या. जुन्या जागल्यास त्याच्या कामाबद्दल गांव धान्याचा वाटा देई. नव्याच्या ओरडण्यानें बहुधा त्याचेंच अन्न तुटतें. शिवाय जुन्याची हाक गांवाच्या वेशीपर्यंत पोंचली म्हणजे पुरे होई. नव्यास सारा देश जागा करावयाचा असतो. म्हणून तो आकाशवाणीचा किंवा दूरचित्रवाणीचा आश्रय शोधतो. हीं साधनें त्याच्या उपयोगीं कशीं पडतात व कोठें अडतात, हें अमेरिकेंतील एका प्रसंगावरून चांगलें कळतें.

डॉ. जेफ्री वायगँड हे जीवरसायनशास्त्रज्ञ. केंटकी संस्थानांतील लुईव्हिल येथें ‘ब्राऊन अँड विल्यमसन’ ही सिगारेटची मोठी कंपनी होती; तिच्या संशोधनविभागाचे ते उपाध्यक्ष होते. कूमरिन नांवाचें एक द्रव्य प्रयोगांत प्राण्यांच्या यकृतास अपायकारक ठरलें होतें. तें पाइपच्या तंबाखूंतून काढावें असा त्यांनीं आग्रह धरिला. तो मानला गेला नाहीं असें ते सांगतात. मार्च १९९३ मध्यें त्यांस कामावरून दूर करण्यांत आलें, आणि कंपनीचें गुपित न फोडण्याच्या कराराचें बंधन मात्र त्यांच्यावर कायम राहिलें.

पुढें १४ एप्रिल १९९४ रोजीं सात तंबाखू-कंपन्यांचे मुख्य अधिकारी अमेरिकन कायदेमंडळाच्या एका समितीपुढें आले. त्यांनीं उजवे हात वर करून शपथ घेतली, आणि निकोटिनचें व्यसन जडतें असें आपणांस वाटत नाहीं, असें एकामागून एक सांगितलें. वायगँड यांनीं हें दृश्य दूरचित्रवाणीवर पाहिलें. त्या सातांत त्यांचा पूर्वीचा वरिष्ठही होता. छापील वृत्तान्तांत ही जबानी चार ओळींत संपली असती. पण ते वर झालेले सात हात ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिले, ते तें चित्र सहसा विसरले नाहींत. चेहरा आणि आवाज यांत जें बळ आहे तें अक्षरांत नाहीं.

हेंच बळ वायगँड यांच्या बाजूस यावें म्हणून सी. बी. एस. या कंपनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या रविवारच्या कार्यक्रमासाठीं, निर्माते लोवेल बर्गमन यांच्या प्रयत्नानें, ऑगस्ट १९९५ मध्यें माइक वॉलेस यांनीं त्यांची मुलाखत घेतली. निकोटिनचें व्यसन जडतें हें कंपनीस ठाऊक आहे, व त्याचा परिणाम वाढावा म्हणून ती तंबाखूंत अमोनियायुक्त द्रव्यें वापरते, असें त्यांनीं सांगितलें. कंपनीनें आरोप नाकारले.

आतां खरी अडचण आली. सी. बी. एस.च्या वकिलांनीं सांगितलें, की करार मोडण्यास दुसऱ्यास प्रवृत्त केल्याबद्दल आपल्यावर प्रचंड रकमेचा दावा होईल. अब्रुनुकसानीच्या फिर्यादींत ‘मी बोललों तें खरें आहे’ ही ढाल पुढें करितां येते. येथें ती ढाल फारशी चालत नाहीं, कारण गुपित जितकें खरें तितकें तें फोडल्यानें होणारें नुकसान मोठें! त्याच ऑगस्टमध्यें ए. बी. सी. या दुसऱ्या प्रक्षेपण-कंपनीनें फिलिप मॉरिसच्या १० अब्ज डॉलरांच्या दाव्यापुढें माफी मागितली होती. त्यांतच सी. बी. एस. विकली जाण्याच्या बेतांत होती. १२ नोव्हेंबर १९९५ रोजीं कार्यक्रम झाला. पण त्यांत वायगँड यांचें नांव नव्हतें, मुलाखतही नव्हती. मला वाटतें, प्रक्षेपकांच्या इतिहासांत यापेक्षां बोलकें मौन क्वचित् आढळेल.

कोंडी फोडली ती न्यायालयानें आणि कागदानें. मिसिसिपी संस्थानाच्या खटल्यांत नोव्हेंबरअखेर वायगँड यांनीं शपथेवर साक्ष दिली. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नें २६ जानेवारी १९९६ रोजीं तिचा गोषवारा प्रसिद्ध केला. मग ४ फेब्रुवारीस मुलाखत दाखविण्यांत आली. मध्यंतरीं कंपनीच्या बाजूनें वायगँड यांच्या खासगी आयुष्यावर पांचशें पानांचें एक बाड तयार झालें होतें. त्याच वृत्तपत्रानें तें तपासलें, आणि त्यांतील पुष्कळ आरोपांस भक्कम आधार सांपडला नाहीं. जागल्याविषयींचें प्रक्षेपण ऐकतांना हा डाव ओळखावा. हा मनुष्य कसा आहे, या प्रश्नाच्या गलबल्यांत तो सांगतो तें खरें आहे काय, हा प्रश्न बुडविला जातो. दुसऱ्या प्रश्नास उत्तर कागदपत्रें, शपथ आणि उलटतपासणी देतात. पडद्यावरचा चेहरा, मग तो कितीही प्रामाणिक दिसो, देत नाहीं. प्रक्षेपकानें तो आधार गोळा करावा आणि मगच चेहरा दाखवावा. घाबरून उशीर केला तर दरम्यान जागल्या एकटा पडतो.

२३ नोव्हेंबर १९९८ रोजीं चार मोठ्या सिगारेट-कंपन्यांनीं ४६ संस्थानांशीं तडजोड केली, आणि पहिल्या पंचवीस वर्षांत सुमारें २०६ अब्ज डॉलर देण्याचें मान्य केलें. तें श्रेय एकट्या वायगँड यांचें नव्हे. वकील, संशोधक व कंपन्यांचींच फुटलेलीं कागदपत्रें यांचाही त्यांत वांटा होता. १९९९ सालीं या प्रसंगावर ‘द इन्सायडर’ हा चित्रपट निघाला.

हा सारा गदारोळ चालू असतां स्वतः वायगँड काय करीत होते? पूर्वीच्या वेतनाच्या सुमारें दहाव्या हिश्श्यावर ते लुईव्हिल येथील ड्यूपाँट मॅन्युअल हायस्कुलांत मुलांस रसायनशास्त्र आणि जपानी भाषा शिकवीत होते.