कोपीतील ऊब
(परिसर अभ्यास, इयत्ता चौथी : पाठटाचण व गावकार्य)

पाठाची गरज : उसाचा गळीत हंगाम आणि थंडीचा मोसम हे एकाच वेळी येतात. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे आपले बिऱ्हाड घेऊन नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात उतरतात. भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांच्या आसपास त्यांचे तळ पडतात. बांबूच्या कामट्या, चटया, पाचट व अलीकडे प्लॅस्टिकचा कागद एवढ्यावर कोपी उभी राहते. आईबाप भल्या पहाटे फडावर जातात. चोवीस तासांतील सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या सुमारास असते. म्हणजे नेमक्या कडाक्याच्या वेळी आठ-नऊ वर्षांचे मूल धाकट्या भावंडाला घेऊन कोपीत असते. असे मूल शाळेत उशिरा आले, तर त्यास आळशी समजण्यापूर्वी शिक्षकाने त्याची रात्र कशी गेली असेल याचा विचार करावा.

उद्देश : पांघरूण ऊब निर्माण करीत नाही. ऊब शरीराची असते, पांघरूण तिला अडवून धरते, हे मुलांना स्वानुभवाने समजावे.

प्रयोग : एकसारखे तीन तांबे घेऊन त्यांत सारखेच कोमट पाणी भरावे. एक उघडा ठेवावा, दुसरा कोरड्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळावा, तिसऱ्यास ओले फडके लपेटावे. तिन्ही वाऱ्यावर ठेवून अर्ध्या तासाने तापमापकाने पाहावे. तापमापक नसल्यास पाण्यात बोट बुडवून पाहिले तरी चालते. गोधडीतील पाणी सर्वांत गरम व ओल्या फडक्यातील सर्वांत थंड आढळेल. गोधडीच्या थरांत कोंडलेली हवा उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. ओल्या कापडातील पाण्याची वाफ होताना मात्र ते उष्णता ओढून घेते.

आता हेच ज्ञान कोपीला लावावे. निजणाऱ्याची उष्णता वरून जाते तशीच खालच्या गार जमिनीतही जाते. म्हणून दोन गोधड्या वर घेण्यापेक्षा एक खाली अंथरावी. तिच्याखाली कोरडे पोते व त्याखाली कोरड्या पाचटाचा थर द्यावा. कोपीचे तोंड वाऱ्याच्या दिशेला नसावे. ओले कपडे अंगावर ठेवून मुलास निजवू नये. पाचट फडात मुबलक पडलेले असते. त्यासाठी पैसा लागत नाही.

धोका : बंद कोपीत शेकोटी पेटवून निजणे जिवावर बेतते. पाचट क्षणात पेट घेते. शिवाय कोंडलेल्या जागी लाकूड वा कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला तो कळतही नाही. शेकोटी बाहेर, कोपीपासून दूर असावी व निजण्यापूर्वी पाण्याने विझवावी.

मदतीचा प्रश्न : गरीब घरांना हिवाळ्यात ऊब पुरविणे हे समाजाचे काम आहे, ही कल्पना इतर देशांतही मान्य झाली आहे. अमेरिकेत 1981 पासून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना घर तापविण्याच्या खर्चासाठी सरकारी साहाय्य मिळते. इंग्लंडमध्ये सलग 7 दिवस सरासरी तापमान 0 अंश सेल्सिअस वा त्याखाली राहिल्यास ठराविक गरजू कुटुंबांना 25 पौंड दिले जातात. आपल्याकडे थंडीची लाट ही सरकारी मदतनिधीच्या आपत्तींत गणली जाते. परंतु सपाट प्रदेशात ती ठरविताना किमान तापमान 10 अंश वा त्याहून कमी असावे लागते आणि ते नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरलेले असावे लागते. कोपीतले मूल मात्र लाट जाहीर होण्यापूर्वीच कुडकुडत असते. म्हणून पहिली मदत गावातूनच निघाली पाहिजे.

गावकार्य : हंगाम सुरू होताच शिक्षकाने शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामपंचायत यांच्या सदस्यांसह तळावर जाऊन कोप्या व लहान मुले मोजावीत. कांबळी, स्वेटर, कानटोप्या जमतील त्या कुटुंबांकडे कोपीवर पोहोचवाव्यात. परिपाठाच्या वेळी मुलांना रांगेत उभे करून वाटप करू नये. वर्गमित्रांदेखत दान घेणारे मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येण्यास लाजते. त्याच भेटीत शालेय वयाच्या मुलांची नावे दाखल करावीत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या 2009 च्या कायद्याने स्थलांतरित मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी ठरविली आहे.

एखादे मूल अतिशय गारठले, त्याची बोबडी वळली वा ते सुस्तावले, तर ओले कपडे काढून कोरड्या कांबळ्यात गुंडाळावे. शुद्धीवर असल्यास कोमट गोड पेय द्यावे. विस्तवाशी धरू नये व अंग चोळू नये. विलंब न करता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

स्वाध्याय :
1. गोधडी काढून टाकली की अंगाला गार का वाटते?
2. ओला सदरा घालून निजू नये, याचे कारण प्रयोगावरून सांगा.
3. आपल्या घरी निजताना अंगाखाली काय अंथरतात, ते पाहून लिहा.
4. शेकोटी विझविताना कोणती काळजी घ्याल?