गिअरची दांडी ‘पी’वरून हलत नाही तेव्हा

ज्यांच्या मोटारीला क्लच नाही, आणि कंपनीचे अधिकृत दुरुस्ती-केंद्र ज्यांच्या दारापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर आहे, अशा भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद ह्या बाजूच्या गृहस्थांसाठी मी ही हकिकत लिहून ठेवीत आहे. आणि ती लिहिताना माझ्या मनातला संताप निवळला आहे, असा दावा मी मुळीच करीत नाही.

गुरुवारी गाणगापूरला जायचे ठरले होते. मधुकरीच्या वेळेपूर्वी पोहोचावे म्हणून पहाटेच सर्व मंडळी गाडीत येऊन बसली, चावी फिरवताच इंजिन विनातक्रार सुरू झाले, आणि ब्रेकवर पाय ठेवून, दांडीचे बटण दाबून मी ती ‘पी’वरून खाली ओढू लागलो तो ती तसूभरही हलेना. इंजिन चालू, काट्यांवर कसलाही विपरीत इशारा नाही, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर धाकट्याने एवढ्या अगत्याने पुण्याहून पाठवलेली गाडी दिसायला धडधाकट, आणि तरीही जागची ढिम्म हलत नाही, असा तो प्रकार होता. मी जोर लावला नाही. हे मी आरंभीच नमूद करून ठेवतो, कारण पुढे ह्याच मुद्द्यावर माझ्याविरुद्ध कागद रंगवण्यात आला.

कलबुर्गीच्या केंद्राला दूरध्वनी केला. तेथील सल्लागाराने माझे वाक्य पुरते होण्यापूर्वीच फर्मावले, “सर, कशालाही हात लावू नका, वॉरंटी जाईल.” ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागतात का, दांडीपाशी ‘टक्’ असा आवाज येतो का, गाडी उतारावर उभी आहे का, ह्यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. ज्याला हे तीन प्रश्न ठाऊक नाहीत त्याने सल्लागार हे पद का भूषवावे, ह्याचा खुलासा मला आजतागायत मिळालेला नाही.

यथावकाश त्यांची सपाट पाठीची मालमोटार आली, आणि तिच्यावरील दोघा इसमांनी पुढची चाके ‘पी’मध्ये जखडलेली असताना तशीच तारेने ओढून गाडी वर चढवली. दारासमोरच्या सिमेंटच्या रस्त्यावर रबराचे दोन काळे पट्टे उमटले, ते पावसाळ्यापर्यंत पुसले गेले नाहीत. वास्तविक अशा बहुतेक गाड्यांत दांडीच्या शेजारी नखाएवढे झाकण असते; ते चपट्या हत्याराला फडके गुंडाळून अलगद उचकटावे, आतल्या फटीत चावी किंवा पेचकस दाबून धरावा, आणि ब्रेकवर पाय ठेवून दांडी ‘एन’वर आणावी, एवढीच ती विद्या. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत ती सचित्र दिलेली आहे. मात्र झाकणाला हात घालण्यापूर्वी हातब्रेक पक्का ओढलेला असावा आणि चाकाला दगड लावलेला असावा. कारण ‘पी’ सुटताच गाडीला धरून ठेवणारे दुसरे काही उरत नाही. आणि ज्यांना गाडी ओढूनच न्यावी लागेल त्यांनी पुढची चाके जमिनीवर ठेवून ती लांबवर ओढू देऊ नये. इंजिन बंद असता गिअरबॉक्समधला तेलाचा पंप फिरत नाही, आणि चाकांबरोबर आतले भाग कोरडेच झिजत राहतात.

केंद्रात काचेची दालने होती, कॉफीचे यंत्र होते, आणि माझ्या नातवाच्या वयाच्या त्या सल्लागाराच्या गळ्यात ओळखपत्र होते. त्याने सादर केलेल्या अंदाजपत्रकात दांडीचा संपूर्ण संच नवा घालण्याची तजवीज होती, तो बंगळुरूहून यायचा होता, त्याशिवाय गिअरबॉक्स उघडून पाहण्याची मजुरी वेगळी होती, आणि सर्वांची बेरीज माझ्या नोकरीतल्या पहिल्या वर्षाच्या समग्र पगारापेक्षा अधिक भरत होती. खाली शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत लिहिले होते की, ग्राहकाने बलप्रयोग केल्यामुळे बिघाड उद्भवला, सबब वॉरंटी लागू नाही. गाडी उघडून पाहण्यापूर्वीच हा निकाल लागलेला होता. मी हरकत घेतली तेव्हा तो शेजारच्या सहकाऱ्याकडे वळून हसत म्हणाला, “ई मुदुकग एन गोत्तु?” म्हणजे ह्या म्हाताऱ्याला काय कळते.

मी मराठीत बोलत होतो, म्हणून मी लातूर-उदगीरकडचा कोणी परका असेन, असा त्याचा समज झाला असावा. आमच्या वडिलांनी निजामाच्या अमदानीत उर्दूत दफ्तर लिहिले, घरचा हिशेब मोडीत ठेवला, आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी बिदर जिल्ह्याची वाटणी होऊन आम्ही ह्या बाजूला राहिल्यावर उतारवयात कन्नड बाराखडी गिरवली. माझी स्वतःची तर सबंध हयात तहसील कचेरीत कन्नडमध्ये पंचनामे लिहिण्यात गेली. मी काही बोललो नाही. अंदाजपत्रक पुढे ओढले, संमतीच्या जागी ठळक कन्नड अक्षरांत ‘ओप्पिगे इल्ला’, संमती नाही, असे लिहून सही केली, खाली तारीख आणि वेळ घातली, आणि कागद त्याच्याकडे सरकवला. त्या अक्षरांकडे पाहताना त्याच्या मुद्रेवरचे स्मित ज्या क्रमाने मावळत गेले तो क्रम मला अजून तपशीलवार आठवतो, आणि ह्या साऱ्या प्रकरणात मला लाभलेला निर्भेळ आनंद तेवढाच.

गाडी त्याच मालमोटारीने परत भालकीला आणली. भाडे अर्थातच मी दिले.

वाड्याच्या चुन्याने रंगवलेल्या भिंतीकडे पाठ करून गाडी उभी होती. दिवेलागणीला शेजारच्यांचा टेम्पो आला, त्यांनी तो माझ्या गाडीच्या बाजूला मागे घेत घेत ब्रेक दाबला आणि सबंध भिंत तांबडी होऊन गेली. मी गाडीतच बसलेलो होतो. आरशात तो तांबडा उजेड पाहिला, आपोआप माझाही पाय ब्रेकवर पडला, आणि भिंतीचा माझ्या वाटणीचा भाग पांढराच राहिला. पुन्हा दाबला, पांढराच. कलबुर्गीच्या त्या काचेच्या दालनात बंगळुरूहून मागवायच्या संचाची जी चर्चा चालली होती ती सगळी त्या पांढऱ्या चुन्यावर फोल ठरली. दांडीला मी ब्रेकवर पाय ठेवला आहे, ही वर्दीच पोहोचत नव्हती. मग तिने हुकुमाशिवाय कुलूप का उघडावे?

आता ह्या कुलपाविषयी. ब्रेकच्या पायपट्टीच्या वरच्या टोकाशी एक लहान स्विच असतो. पाय दाबला की त्यातून मागच्या दिव्यांना वीज जाते, आणि तीच वर्दी दांडीखालच्या सोलेनॉइडला पोहोचून आतली खिट्टी बाजूला सरते. ‘टक्’ होतो तो तिचाच. ही योजना कोणा कारखानदाराची लहर नव्हे. अमेरिकेत ऑडी 5000 ही गाडी आपोआप सुसाट सुटते असा 1986 साली दूरदर्शनवरील एका कार्यक्रमामुळे मोठा गवगवा झाला, त्यानंतर त्या कंपनीने ब्रेक दाबल्यावाचून दांडी सुटू नये असे कुलूप बसवले. 1989 साली तेथील सरकारी तपासाने बहुतांश दोष ब्रेकऐवजी वेगवर्धकावर पडणाऱ्या पायाचा ठरवला, तरी कुलूप मात्र टिकले, आणि 1 सप्टेंबर 2010 पासून तेथे ते कायद्याने अनिवार्य झाले. तेव्हा कुलपाशी माझे वैर नाही. कुलपाला दोष देऊन आपला धंदा चालवणाऱ्यांशी आहे.

फ्यूजची पेटी गाडीच्या आत, चालकाच्या गुडघ्यापाशी असते, आणि झाकणाच्या आतल्या अंगाला कोणता फ्यूज कशाचा ह्याचा नकाशा छापलेला असतो. दुसरी पेटी इंजिनापाशी असते, तीही पाहावी. ब्रेकच्या दिव्यांचा फ्यूज उपटून उजेडात धरला तो आतली तार वितळलेली. येथे सांगण्याजोगी गोष्ट अशी की, काही गाड्यांत भोंगा आणि ब्रेकचे दिवे एकाच फ्यूजवर असतात, म्हणून दांडी अडली की आधी भोंगा वाजवून पाहावा. माझ्या गाडीत ते वेगळे होते. बसस्थानकासमोरच्या सुट्या भागांच्या दुकानातून तितक्याच अँपिअरचा फ्यूज आणला. रंगावरून तो ओळखता येतो, 10 चा तांबडा, 15 चा निळा, 20 चा पिवळा. फ्यूज पुन्हा उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा घालणे, किंवा आमच्याकडचा शिरस्ता म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी वेष्टने गुंडाळणे, म्हणजे गाडीला आग लावण्याची पूर्वतयारी होय.

नवा फ्यूज घातला, ब्रेक दाबला, तोही उडाला. ह्याचा अर्थ तार कोठेतरी पत्र्याला टेकते आहे. शोधीत शोधीत मागच्या दाराच्या बिजागरीशी आलो, आणि तेथे रबरी नळीच्या बाहेरून ओढलेली, दाराखाली चेंगरून सोललेली एक तार सापडली. ती कशाची? मागच्या काचेवर लावलेल्या तांबड्या दिव्यांच्या शोभिवंत पट्टीची. आणि ती पट्टी मागच्या सर्व्हिसिंगच्या वेळी, मी न मागता, भेट म्हणून ह्याच केंद्राने स्वहस्ते बसवली होती! पट्टी तोडून काढली, मूळ तारेला चिकटपट्टी गुंडाळली, आणखी एक फ्यूज घातला, आणि ब्रेक दाबताच ‘टक्’ झाला. दांडी लोण्यातून सुरी सरकावी तशी ‘डी’पर्यंत आली. एकूण खर्च एका प्लेट पोह्यांपेक्षा अधिक नव्हता.

ज्यांची अडचण निराळी असेल त्यांच्यासाठी थोडे आणखी. ‘टक्’ ऐकू येतो आणि तरी दांडी अडते, तर विजेचा दोष नव्हे. दांडीच्या फटीत नाणे, शेंगदाण्याचे टरफल, वाळलेला गोड चहा ह्यांपैकी काही आहे का पाहावे. दिवे लागतात पण ‘टक्’ होत नाही, तर सोलेनॉइड किंवा त्याची तार. दिवेच मंद, तर बॅटरी. फ्यूज शाबूत आणि दिवे मात्र लागत नाहीत, तर पायपट्टीवरचा स्विच, जो कोणताही बरा विजेचा मिस्त्री बदलून देतो. उतारावर गाडीचा सगळा भार ‘पी’च्या खिट्टीवर आला की दांडी आवळून बसते, तेव्हा उताराच्या बाजूला कोणालाही उभे न करता, चढाच्या बाजूने दोराने गाडी किंचित ओढून भार हलका करावा. ह्यापुढे उभी करताना आधी ‘एन’, मग हातब्रेक, मग पाय सैल सोडून गाडीचा भार हातब्रेकवर आला ना हे पाहणे, आणि शेवटी ‘पी’, हा क्रम पाळावा. दांडी मात्र उलट अगदी सैल, हाताला काहीच लागत नसल्यासारखी हलू लागली, तर केबलच्या टोकाची प्लास्टिकची चकती झिजलेली समजावी. ह्याच दोषापायी 2022 साली फोर्डने अमेरिकेत सुमारे 29 लाख गाड्या परत बोलावल्या, कारण दांडी ‘पी’ दाखवी आणि गाडी घरंगळत जाई. हे काम घरी करू नये. आणि ज्यांच्या दांडीवर ‘पी’ हे अक्षरच नाही, अशा एएमटी गाड्यांना, ज्या 2014 साली सेलेरिओपासून आपल्याकडे रूढ झाल्या, ह्यातील बरेचसे विवेचन लागू नाही.

झाकणाखालच्या फटीने दांडी सोडवून गाडी चालू लागली, तरी ब्रेकचे दिवे बंद असताना हुमनाबादकडच्या हमरस्त्यावर ती नेऊ नये. मागून उसाच्या ट्रॉल्या येत असतात. बिदरहून कलबुर्गीला 2017 पासून रेल्वे आहे, तिने जावे.

कागदपत्रांची दक्षता घ्यावी. गाडी त्यांच्या ताब्यात देण्यापूर्वी चारही बाजूंनी, विशेषतः टायरांची, छायाचित्रे काढावीत; जॉबकार्डाची प्रत मागावी; न वाचता सही करू नये; काढलेला जुना भाग परत मागावा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, हे ध्यानात ठेवावे. माणसाने शांत राहावे असेही म्हणतात.

मी दोन्ही खेपांच्या भाड्याची आणि झिजलेल्या टायरांची मागणी केंद्राकडे रजिस्टर्ड टपालाने रवाना केली आहे, बलप्रयोगाचा शेरा लेखी मागे घ्यावा असेही त्यात बजावले आहे, आणि अर्ज हेतुपुरस्सर कन्नडमध्ये लिहिला आहे. पोच आली, उत्तर नाही. ती तांबडी पट्टी मी जपून ठेवली आहे. केंद्राला ती परत हवी असल्यास त्यांनी लेखी मागणी करावी. पावती घेऊन देईन.