पिकअपचा बाजूचा गार्ड : आधार चासीचा हवा, पत्र्याचा नको



बेणे, खताची पोती, ठिबकच्या नळ्या नेण्यासाठी आपल्यापैकी अनेकांच्या दारात आता पिकअप उभी असते. डांबरी सोडून गाडी पाणंदीला लागली की ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, बांध आणि पाटाचे काठ आडवे येतात. चाके खोलात जातात, मधला उंचवटा वर राहतो आणि दाराखालचा भाग टेकतो. म्हणून काही जण दोन्ही बाजूंना लोखंडी गार्ड बसवून घेतात. गार्ड उपयोगाचा आहे. पण तो कशाला बसवला, यावर सारे अवलंबून आहे.

माझ्याच गाडीची गोष्ट सांगतो. गॅरेजवाल्याने अर्ध्या दिवसात दाराखालच्या पत्र्यालाच पाईप वेल्डिंग करून दिला. दिसायला झकास! लागणीच्या वेळी बेण्याने भरलेली गाडी पाटाच्या काठावर घसरली आणि पाइपावर टेकली. पाईप काही वाकला नाही. पण त्याने पत्राच वर ढकलला आणि माझ्या बाजूचे दार जाम झाले. दुसऱ्या दाराने कसाबसा बाहेर आलो. गाडी पाटात कलंडली असती तर?

असे का झाले? पिकअपची चासी शिडीसारखी असते : दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. केबिन या शिडीवर रबरी गाद्यांवर बसवलेली असते. भार पेलायचे काम चासीचे, पातळ पत्र्याचे नव्हे. भरल्या गाडीचे वजन ३ टन धरले तर एका बाजूला दीड टन येते. गाडी टेकली की त्यातला बराच भार गार्डवर पडतो. म्हणून पुढील गोष्टी गॅरेजवाल्याकडून समोर उभे राहून करून घ्याव्यात.

१) प्रत्येक बाजूस निदान ३ ब्रॅकेट चासीच्या तुळईला घ्यावेत. ब्रॅकेट जितका लांब, तितका तो लवकर वाकतो. गार्ड बॉडीच्या बाहेर फार काढू नये. मात्र तो आणि पत्रा यांत दोन बोटे जागा सोडावी.

२) तुळईच्या वरच्या व खालच्या कडेवर ताण सर्वांत जास्त असतो. तेथे भोक पाडू नये, वेल्डिंगही करू नये. तडा तेथूनच जातो. कंपनीने उभ्या बाजूस ठेवलेली मोकळी भोके वापरावीत, मागे जाड पट्टी द्यावी आणि डोक्यावर ८.८ छाप असलेले बोल्ट घालावेत.

३) ब्रॅकेटचे वेल्डिंग गाडीपासून दूर, जमिनीवर करावे. डिझेलची नळी, ब्रेकची नळी व वायरिंग दाबले जात नाही ना, हे बोल्ट आवळण्यापूर्वी पाहावे.

४) सायलेन्सरजवळ गार्डमध्ये पाचट अडकून पेटू शकते. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची गाळणी साठलेली काजळी जाळते, तेव्हा तो भाग फारच तापतो. फडातून आल्यावर गार्ड झाडून घ्यावा.

५) दीड इंची, ४ मिलिमीटर जाडीचा पाईप मीटरला सुमारे ४.४ किलो भरतो. दोन्ही बाजूंचे दुहेरी पाईप व ब्रॅकेट मिळून युरियाच्या एका पोत्याएवढे, म्हणजे ४५ किलोच्या आसपास वजन होते. तेवढा माल कमी भरावा.

काम झाल्यावर परीक्षा घ्यावी. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत आणि गार्डच्या मध्याखाली जॅक देऊन हळूहळू उचलावे. दार पूर्वीसारखेच उघडले-मिटले तर काम बरोबर. गाडीखाली मात्र कोणी शिरू नये.

कायद्याचेही भान ठेवावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. याच कलमाचा आधार घेऊन डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने पुढच्या बाजूच्या बेकायदा क्रॅश गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. तेव्हा बाजूचा गार्ड बसवण्यापूर्वीही आर.टी.ओ. कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे.

शेवटी एक विनंती. गार्ड ही पायरी नव्हे. चालत्या गाडीच्या गार्डवर पोरे उभी राहतात. त्यांना वेळीच उतरवा. गार्ड पत्रा वाचवील, माणूस आपणच वाचवायचा आहे.