आधी स्की, मग स्नोबोर्ड : खानदेशी पालकांसाठी

जळगाव-धुळ्याच्या मुलांना बर्फ भेटतो तो सहलीत, तोही तीन-चार दिवस. म्हणून मनालीजवळच्या सोलंगला किंवा काश्मीरच्या गुलमर्गला पोचल्यावर घोळ घालण्यापेक्षा घरूनच ठरवून निघा. मूल सात-आठ वर्षांहून लहान असेल तर आधी स्की. स्कीवर तोंड समोर असते आणि पाय सुटे. एक घसरला तर दुसरा सावरतो. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधून आडवे उभे राहावे लागते. सुरुवातीचा वेळ आपटण्यातच जातो आणि सहल संपते.

साहित्य
भाड्याने : स्की, बूट, हेल्मेट. घरून : पाणी न शिरणारे हातमोजे, लोकरी पायमोजे, गॉगल, सनस्क्रीन.

कृती
१. निघण्याआधी महिनाभर चौचाकी स्केट्सवर सराव घ्या. गुडघे वाकलेले, हात पुढे. टाचा बाहेर ढकलून, चवडे आत वळवून थांबायला शिकवा. बर्फावर हाच ब्रेक लागतो.

२. जानेवारी-फेब्रुवारीत जा, शाळेच्या परीक्षा आधी पाहा. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर, तर गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. पहिल्या दिवशी नुसते खेळू द्या, पाणी पाजत राहा.

३. पायमोज्यांचा एकच जोड घाला. दोन घातले तर पाय बुटात सरकतो. ताठ उभे राहिल्यावर बोटे बुटाला पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर सुटावीत.

४. स्की उभी धरून मापा : छाती ते हनुवटी एवढी पुरे. बूट सुटण्याची पकड मुलाच्या वजनाप्रमाणे प्रशिक्षकाकडूनच लावून घ्या. हातातल्या काठ्या सध्या नकोत.

५. आधी पडायला शिकवा : कुशीवर, हात आवरून. उठताना स्की उताराला आडव्या ठेवायच्या, नाहीतर उठता उठताच घसरण सुरू होते.

६. सपाटीवर एकाच स्कीने चालवा, मग दुसरी बदलून, मग दोन्ही घालून.

७. अगदी सौम्य उतारावर टोके जवळ, शेपट्या लांब अशी पाचर करायला लावा. पाचर रुंद केली की वेग कमी होतो. हमखास थांबता येईपर्यंत वर चढवू नका.

८. मग वळण : डावीकडे जायचे तर उजव्या पायावर भार, उजवीकडे जायचे तर डाव्या.

९. मूल कुरकुरू लागले की त्या दिवसापुरते थांबा. थकलेल्या पायांनीच जास्त पडायला होते.

स्नोबोर्ड कधी?
पुढच्या सहलीत, मूल आठ-नऊ वर्षांचे झाल्यावर. मनगटाचे गार्ड जरूर घ्या, कारण पडताना हात टेकतात. दहा-बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घरी स्केटबोर्ड चालवत असेल आणि हट्ट धरत असेल, तर थेट स्नोबोर्ड द्यायला हरकत नाही. त्या पायांना आडवे उभे राहणे आधीच जमलेले असते.