रंगवलेले केस आणि स्वस्त बरणी

चि. मुक्ता हिस,


केस रंगवल्यापासून टोकं राठ झालीत, पार्लरमध्ये महागडा मास्क घ्यायला सांगतात आणि दुकानात मात्र हेअर स्पा क्रीमची मोठी, स्वस्त बरणी मिळते. ती लावून बघू का, असं तू विचारलं आहेस. जरूर बघ. पैसे वाचतात हे एक कारण झालं. त्याहून मोठं कारण असं की, रंगवलेल्या केसांना थोडंसं आणि कधीमधी लावून भागत नाही. प्रत्येक न्हाण्याला, टोकं पुरती माखतील इतकं लावावं लागतं. जी बरणी उघडताना हात आखडतो, ती कितीही उत्तम असली तरी या कामाला निरुपयोगी. हे मी का म्हणते ते सविस्तर लिहिते, म्हणजे तुला स्वतःला पडताळून पाहता येईल.

आधी केसाचं काय झालंय ते समजून घे. केसाच्या बाहेरून खवल्यांचे साधारण 6 ते 8 थर कौलांसारखे एकावर एक रचलेले असतात आणि सगळ्यांत वर मेदाचा अतिशय पातळ लेप असतो. नव्या केसावर पाणी ठरत नाही ते या लेपामुळे. कायम टिकणाऱ्या रंगात अमोनिया किंवा तसाच एखादा अल्कधर्मी पदार्थ असतो, तो केस फुगवून खवले उचलतो. सोबतचं हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून मूळ रंग फिका करतं आणि नवा रंग आतल्या आत घडवतं. या सगळ्यात वरचा लेप बराचसा निघून जातो. त्वचेबाहेरचा केस मृत असतो, त्यामुळे गेलेला लेप पुन्हा तयार होत नाही. शिवाय पेरॉक्साइडमुळे केराटिनमधले गंधकाचे काही बंध तुटतात आणि त्या जागी ऋण विद्युतभाराचे गट उरतात. न्हाऊन झाल्यावर एक बट हातात धरून बघ. मुळाजवळचे नवे केस चटकन सुटे होतील; रंगवलेली टोकं एकमेकांना चिकटून राहतील, उशिरा वाळतील आणि कंगवा नेमका तिथेच अडकेल.

हेअर स्पा क्रीम म्हणजे मुळात कंडिशनरच, आणि कंडिशनर काम करतो तो याच ऋणभाराच्या जोरावर. त्यातले मुख्य पदार्थ धनभाराचे असतात. केस जिथे जास्त खराब, तिथे ऋणभार जास्त, आणि तिथेच ते जास्त बसतात. इतकी चोख वाटणी होण्यासाठी कुठलंही महागडं तंत्र लागत नाही. आता बरणी फिरवून मागची यादी वाच. आपल्याकडे 1 टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पाण्यापाठोपाठ सिटिअरिल किंवा सिटाइल अल्कोहोल, मग बिहेनट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड, पुढे डायमेथिकोन किंवा अमोडायमेथिकोन, अशी नावं असतील तर बरणीत कामाचा ऐवज आहे. अल्कोहोल या नावाला बिचकू नकोस, ही मेणासारखी घट्ट द्रव्यं आहेत आणि केस मऊच करतात. हीच नावं कितीतरी पट महाग बरण्यांवरही तुला सापडतील. तिथे जास्तीचे पैसे बरेचदा सुगंधाचे, देखण्या डब्याचे आणि जाहिरातीचे असतात. अगदी लहान पाकिटांना ही यादी छापण्यातून सूट आहे, तेव्हा पाऊच घेऊन अंदाज बांधण्यापेक्षा यादी असलेली बरणी घे.

पार्लरमधली बाई म्हणेल की हे सगळं वरवरचं, आमचा मास्क आतून दुरुस्ती करतो. वरवरचं आहे हे खरंच. पण रंगवलेला केस तुटतो तो मुख्यतः घर्षणाने आणि ओढाताणीने, ओला असताना कंगवा फिरवल्याने. क्रीमचा वरवरचा लेप नेमकी ही झीज कमी करतो, म्हणून मी त्याला कमी लेखत नाही. फक्त पुढच्या शांपूने तो पुष्कळसा धुऊन जातो, म्हणून पुन्हा पुन्हा लावावा लागतो, आणि म्हणूनच किंमत महत्त्वाची ठरते. बंध जोडण्याचा दावा करणाऱ्या काही उत्पादनांत मॅलेइक आम्लाच्या कुळातले वेगळे घटक असतात, त्यांचं रसायन या क्रीमपेक्षा निराळं आहे. केस ब्लीच करून पिवळट केले असतील तर तसं काही वापरून बघायला माझी हरकत नाही. तू नुसती तपकिरी छटा घेतली आहेस. तिथे आधी स्वस्त उपाय पुरता वापरून मगच पुढचा विचार करावा.

डायमेथिकोनसारख्या सिलिकोनने केस गुदमरतात असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नकोस. केस श्वास घेत नाही. पातळ केसांवर त्याचा थर साचून ते चपटे मात्र दिसू शकतात. तसं वाटलं तर एखाद्या वेळी जरा कडक शांपूने धुवावं. आजीचं खोबरेल तेलही सोडू नकोस. मुंबईत मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली, तीत केसातल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने ठळकपणे कमी झाली. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते हे लक्षात ठेवून ते वाचावं, तरी खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसात शिरतं याला आधार आहे. तेल न्हाण्याआधी, क्रीम न्हाण्यानंतर. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

तरीही शंका राहिली तर भांग मधोमध पाड. एका बाजूला स्वस्त क्रीम, दुसऱ्या बाजूला मैत्रिणीकडचा महाग मास्क, असं महिनाभर कर. पाणी, शांपू, रंग सगळं सारखंच, त्यामुळे तुलना चोख होते. मग कोणती बाजू कशाची हे न सांगता आईला हात फिरवून बघायला सांग. तिला फरक कळला तर महाग घे, मी अडवणार नाही.

लावताना केस आधी नीट पिळून घे, नाहीतर पाण्याने क्रीम पातळ होऊन ओघळून जातं. कानाखालच्या भागाला भरपूर लाव, मुळांना लावू नकोस, आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर सोडवत जा. पाच-दहा मिनिटं पुरतात, तासभर टॉवेल गुंडाळून बसायची गरज नाही. आणि पुढच्या वेळी रंग लावशील तेव्हा तो फक्त वाढलेल्या मुळांना लावायला सांग. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, तेवढाच नवा भाग रंगवायचा असतो. टोकांवर आधीच रंग आहे, तिथे पुन्हा पेरॉक्साइड लागू द्यायचं नाही. रंग पूर्वी सोसला असला तरी 48 तास आधी कानामागे थोडासा लावून बघ, कारण ॲलर्जी नंतरही उद्भवू शकते. खाज किंवा पुरळ आलं तर रंग लावायचाच नाही.

तुझी,
आत्या