गाभण खिल्लार गाईविषयी पुतण्यास पत्र

चिरंजीव दत्तात्रय यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. आपली पहिलारू खिल्लार आठव्या महिन्यात असून अंगास हात लावू देत नाही, कासेजवळ जाताच लाथ झाडते व वैरण टाकणाऱ्या गड्यावर शिंगे रोखते, हा मजकूर वाचून काळजी वाटली. परंतु वेसण आवळून, आखूड दाव्यास बांधून तिचा बंदोबस्त करण्याचा जो विचार तू लिहितोस, तो आजच सोडून दे. खिल्लार मुळातच तापट व परक्याविषयी साशंक, त्यात ही पहिल्या वेताची; तिच्या आडदांडपणाचे मूळ भयात आहे, आणि भयाचे निवारण दंडाने होत नाही, सवयीने होते.

म्हणून तिचे वैरणपाणी यापुढे तूच, ठरल्या वेळी करावेस. गोठ्यात शिरण्यापूर्वी हाक द्यावीस, आणि ती पेंड खात असता प्रथम मान, मग पाठ, मग कूस व अखेरीस कासेची बाजू असा हात दिवसेंदिवस पुढे न्यावास. बिचकली तर जेथवर तिने सोसले तेथे परत यावेस. सड मात्र पिळून पाहू नकोस; त्यांच्या तोंडाशी असलेले नैसर्गिक बूच निघाले की कासेत रोगाचा शिरकाव होतो.

माणदेशातील पौषाची कोरडी थंडी जनावर सोसते, पण ओली जमीन व अंगावर येणारा वाऱ्याचा झोत सोसत नाही. वाऱ्याच्या अंगास ताटी लाव, वर हवेस वाट ठेव, खाली वाळले गवत अंथर. मात्र बंद गोठ्यात शेकोटी पेटवून धूर कोंडू नकोस. हौदात रात्रभर गारठलेले पाणी गाय पुरेसे पीत नाही. पहाटे विहिरीतून ताजे काढलेले पाणी कोमट असते, ते पाज. कडब्याचा मोठा वाटा संध्याकाळी घाल; त्याच्या पचनाने रात्री पोटात ऊब राहते, आणि गाय दिवसाउजेडी विण्याचा संभवही वाढतो. केवळ उसाच्या वाढ्यांवर मात्र तिला ठेवू नकोस, कारण त्यांतील ऑक्सलेट शरीरास मिळावयाचे कॅल्शियम अडवून ठेवते.

गाभण राहिल्यापासून सुमारे 280 दिवस भरत आले, कास तटतटली आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजू खचल्या, म्हणजे तिला मोकळ्या, कोरड्या जागी एकटी सोड. बघ्यांची गर्दी होऊ देऊ नकोस. पाण्याची पिशवी फुटून दोन तासांत वासराचे पुढचे पाय व त्यांवर टेकलेले नाक दिसले नाही, तर ओढाताण न करता डॉक्टरांस बोलाव. जार बारा तासांत पडली नाही तरी तेच कर. लोंबत्या जारेस वजन बांधण्याची चाल घातक आहे.

वासरू जन्मताच पुसून कोरडे कर, नाळेस आयोडीन लाव, आणि जार पडण्याची वाट न पाहता पहिल्या तासाभरात त्याला चीक पाज. जार पडेपर्यंत चीक पाजू नये ही समजूत आपल्याकडे अजून आहे, आणि तिच्यापायी वासराची रोगप्रतिकारशक्ती हातची जाते. त्या वेळी गाईने तुला कासेजवळ येऊ द्यावे, याचसाठी आजपासूनची ही सारी खटपट.

पशुवैद्यकीय दवाखान्यास तारखेची वर्दी आताच देऊन ठेव, आणि गड्यास ताकीद दे की तिच्यावर काठी उगारावयाची नाही. यात हयगय करू नकोस.

कळावे, हे आशीर्वाद.