मुदतपूर्व निवृत्ती आणि सीजीएचएस : एका शब्दाचा फरक

प्रश्न : मी २००१ पासून पुण्यात केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. वय ५०, वेतनस्तर ८, पेन्शन जुनी. मार्चअखेर राजीनामा देऊन सांगली जिल्ह्यातल्या गावी शेती पाहायची आहे. पत्नीला मधुमेह आहे. नोकरी सुटली की सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) संपणार, म्हणून खासगी पॉलिसी घ्यावी का?

उत्तर : पॉलिसीचे नंतर पाहू. आधी तुमच्या मनातला ‘राजीनामा’ हा शब्द काढून टाका. निवृत्तांचे सीजीएचएस कार्ड वयाशी नव्हे, पेन्शनशी बांधलेले आहे. केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, २०२१ प्रमाणे राजीनामा दिला की मागची सारी सेवा बुडते. परवानगीने दुसऱ्या सरकारी पदावर जाणाऱ्यांचा अपवाद तुम्हाला लागू नाही. सेवा बुडाली की पेन्शन गेली आणि पेन्शनबरोबर कार्डही. याच नियमांतला ४३ वा नियम मात्र २० वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर तीन महिन्यांच्या लेखी नोटिशीने स्वेच्छानिवृत्ती देतो. त्या वाटेने गेलात तर पन्नाशीतही पेन्शन आणि कार्ड दोन्ही मिळतात. कधी लांबलेली बिनपगारी रजा घेतली असेल, तर नोटिशीआधी कार्यालयाकडून अर्हताकारी सेवा किती ते लेखी घ्या.

आता पैशांचे. वेतनस्तर ७ ते ११ साठी वर्गणी महिना ६५० रुपये आहे. दहा वर्षांची, म्हणजे ७८,००० रुपये, एकदम भरली की कार्ड आजन्म चालते. साठीला निवृत्त होणाराही तेवढेच भरतो. तुम्हाला त्याच पैशांत दहा वर्षे जास्त मिळतात. खासगी पॉलिसीचा हप्ता वयाबरोबर चढतो, विमा रकमेला मर्यादा असते आणि आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. सीजीएचएसमध्ये पत्नीच्या मधुमेहासाठी एक दिवसही थांबावे लागत नाही.

गावात वेलनेस सेंटर, म्हणजे सीजीएचएसचा दवाखाना, नसेल तर कार्डाचा काय उपयोग, असे कुणी म्हणेल. सीजीएचएस क्षेत्राबाहेर राहणाऱ्या पेन्शनरला बाह्यरुग्ण खर्चासाठी महिना १,००० रुपये स्थिर वैद्यकीय भत्ता आणि दाखल होण्यासाठी सीजीएचएस, अशी सांगड घालता येते. मधुमेहाची औषधे हजारात बसतीलच असे नाही. महिन्याची बिले मांडून पाहा आणि मगच भत्ता की पुण्याच्या सेंटरमधून औषधे, हे ठरवा. दुसरी शंका मला अधिक खरी वाटते : रात्री-अपरात्री जवळच्या, यादीबाहेरच्या रुग्णालयात जावे लागले, तर परतावा सीजीएचएसच्या दरानेच मिळतो आणि वरचा फरक खिशातून जातो. त्यासाठी एक मध्यम पॉलिसी जरूर घ्या, पण कार्डाच्या जोडीला, कार्डाऐवजी नव्हे. ती आत्ता, नोकरीत असतानाच घ्या, म्हणजे प्रतीक्षाकाळ लगेच सुरू होईल. अर्जात मधुमेह लपवू नका; पुढे दावा त्यावरच अडतो.

मार्चअखेर मोकळे व्हायचे, तर नोटीस डिसेंबर संपण्याआधी कार्यालयात पोहोचायला हवी. तिच्यात नियम ४३ चा स्पष्ट उल्लेख करा आणि पोच घ्या.